फायनलच्या आधीच्या दोन रात्री

सेमी शुक्रवारी संध्याकाळी संपते आणि फायनल रविवारी चारला असते. आपल्याकडच्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धांचं वेळापत्रक बहुतेक असंच असतं, त्यामुळे कोचसाठीची ही तयारीची यादी तेवढ्याच वेळाची करतेय. मधे दोन रात्री मिळतात. एक जिंकल्याच्या आनंदात जागून काढली, तर उरते एक.

शुक्रवारी मैदान सोडण्याआधी स्पर्धेचं नियमपत्रक उघडा. कुणाची पिवळी कार्डं किती झाली, बदल (म्हणजे बदली खेळाडू) किती मिळणार, बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट पेनल्टी, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय सामन्यात पाच बदल मिळतात, ते खेळ तीनदाच थांबवून बसवावे लागतात (मध्यंतर त्यात धरत नाहीत) आणि जादा वेळेत सहावा मिळतो. स्थानिक स्पर्धेत हा हिशेब वेगळा असू शकतो, आणि पुढची सगळी आखणी त्याच्यावरच उभी आहे.

सामना संपल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी जाऊ दे. केळं, चिक्की, दूध, जे हाताशी असेल ते. रात्री भरपूर वरण-भात, बटाटा, अंडी. दमलेल्या पायांना भाताइतकं दुसरं काही लवकर उभं करत नाही, पण ‘वजन वाढेल’ म्हणून आमच्या मुली नेमका भातच टाळतात. तिथे पानाशेजारी बसून वाढावं लागतं. कोल्हापूरकरांनी तांबडा-पांढरा रविवार रात्रीसाठी राखून ठेवावा.

शनिवारी सकाळी प्रत्येकीशी वेगळं बोला. घोळक्यात विचारलंत तर सगळ्या ‘एकदम फिट’ असतात. किती झोपलीस, दहापैकी किती दमली आहेस, जिना उतरताना कुठे दुखतं, एवढं पुरे. जिना चढताना नव्हे, उतरताना. मांड्या तिथे खरं बोलतात. हंगामभर भिंतीवर खडूने उंच उडीची खूण करून घेत असाल तर आजही घ्या. नेहमीपेक्षा बरीच खाली आली तर ती मुलगी दमलेली आहे, तोंडाने काहीही म्हणो. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते, म्हणजे नेमकी रविवारी, त्यामुळे शनिवारी बरी दिसणारीही पुन्हा तपासावी लागते. ताप-सर्दीवालीची खोली लगेच वेगळी करा. 2022 च्या महिला आशियाई चषकात, आपल्याच नवी मुंबईत, कोरोना आणि दुखापतींमुळे भारताला चायनीज तैपेईविरुद्ध सामन्यासाठी लागणाऱ्या किमान तेरा जणीही उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला.

पाळीचंही याच वेळी विचारा. इंग्लंडच्या चेल्सी क्लबची तेव्हाची कोच एमा हेज हिने 2020 साली मुलींच्या पाळीच्या चक्राप्रमाणे सराव आखायला घेतला तेव्हा त्याची बातमी झाली. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारी एखादी ताई संघासोबत असणं हीच आधी तयारी. पोटात दुखत असलेल्या मुलीला उगाच संशयाने बसवू नका, तिलाच विचारा. पांढऱ्या चड्ड्या असतील तर गडद शोधा. इंग्लंडनेही 2023 च्या विश्वचषकासाठी पांढऱ्या बदलून निळ्या घेतल्या होत्या.

शनिवारचा सराव दोन गटांत. शुक्रवारी पूर्ण वेळ खेळलेल्यांनी वीस मिनिटं चालणं, हलकं धावणं, ताण काढणं आणि घरी. न खेळलेल्यांना मात्र घाम फुटेपर्यंत पळवा. बहुतेक कोच इथे उलटं करतात. मुख्य मुलींकडून डावपेच घोटून घेतात आणि बेंचवरच्यांना चेंडू गोळा करायला लावतात.

आता अकरा जणी. माझं म्हणणं एवढंच, की आधी शेवटच्या अर्ध्या तासातल्या अकरा लिहा, मग सुरुवातीच्या. 2025 च्या महिला युरोत (युरोपातल्या देशांची स्पर्धा) इंग्लंडने स्वीडन आणि इटली या दोघींविरुद्ध 120 मिनिटं खेळून, मग बाझेलला फायनलमध्ये स्पेनविरुद्ध आणखी 120 खेळली, अकरा दिवसांत. तिन्ही सामने बेंचने ओढून काढले. इटलीविरुद्ध 96व्या मिनिटाला बरोबरी करणारी मिशेल अजिमांग बदली, 119व्या मिनिटाला अडवली जाऊन परत आलेली पेनल्टी आत ढकलणारी क्लोई केलीही बदलीच. फायनलमध्ये घोटा दुखावलेली लॉरेन जेम्स सुरुवातीला खेळवली आणि 41व्या मिनिटाला बाहेर काढावी लागली. आत आली ती केली. तिच्याच क्रॉसवर अलेसिया रुसोचा बरोबरीचा गोल आणि तिचीच शेवटची पेनल्टी. म्हणजे अर्धवट बरी मुलगी खेळवायचीच असेल तर पहिल्या चाळीस मिनिटांत एक बदल जाईल, हे धरून चाला. मी एकदा धरलं नव्हतं. आमची नऊ नंबर (पुढची मुख्य गोल करणारी) पोटरी बांधून उतरली, विसाव्या मिनिटाला बसली, आणि शेवटी बचावातल्या मुलीच्या पायात गोळे आले तेव्हा माझ्याकडे बदल उरला नव्हता.

इंग्लंडचीच लूसी ब्राँझ तो सगळा युरो नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली, हे फायनलनंतर कळलं. मुलींना ही गोष्ट फार आवडते. शनिवारी सांगू नका.

विश्रांतीचा एक दिवस जास्त मिळालेला संघ जिंकतो म्हणतात. 2023 च्या विश्वचषकात स्पेनची सेमी एक दिवस आधी होती, 2025 च्या युरोत इंग्लंडची. दोन्ही वेळा तसंच झालं. पण चीन 2022 च्या त्याच आशियाई चषकाच्या सेमीत बालेवाडीला जपानशी 120 मिनिटं आणि पेनल्ट्या खेळून तीन दिवसांनी नवी मुंबईत फायनलला उतरला, मध्यंतराला दक्षिण कोरियाविरुद्ध 0-2 मागे होता आणि 3-2 जिंकला. 93व्या मिनिटाचा गोल शाओ युयीचा, तीही बेंचवरून आलेली. तेव्हा सेमी लांबली म्हणून आधीच हात टेकू नका.

पेनल्टीचा क्रम शनिवारी संध्याकाळीच कागदावर उतरवा, आठ नावांचा. पहिल्या पाचांतल्या दोघी तोवर बाहेर बसलेल्या असणार.

बॅगेत मूळ ओळखपत्रं, वयाचे दाखले, दुसऱ्या रंगाचे शर्ट, गोलकीपरचे जादा ग्लोव्ह्ज, ओआरएसच्या पुड्या, बर्फ, टेप, सॅनिटरी पॅड, केसांचे रबर, बुटांच्या नाड्या. नाड्या दोन जोड जास्तच घ्या.

आणि संघ जाहीर करण्याआधी, जी बसणार आहे तिला शनिवारी संध्याकाळी बाजूला घेऊन स्वतः सांगा. कितव्या मिनिटाच्या आसपास आणि कुणाच्या जागी जायचंय तेही सांगा. रडेल थोडी. रविवारी सगळ्यांसमोर कळून रडण्यापेक्षा ते बरं, आणि मग रात्री झोपेलही.