मोठी स्कूटर घेताना: आधी दुखणं लिहा, मग गाडी बघा

मोठी स्कूटर घ्यायचं ठरलं की पाय आपोआप शोरूमकडे वळतात. थोडं थांबा. जुन्या गाडीवरच आणखी आठ-दहा दिवस फिरा आणि रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज कुठे दुखलं आणि किती वेळानं दुखलं. बूड बधिर झालं का, कंबर भरून आली का, बोटांना मुंग्या आल्या का, गुडघे आखडले का, की वाऱ्याशी झुंजून मान अवघडली? ही दुखणी वेगवेगळ्या कारणांनी येतात आणि त्यातली बरीचशी नुसतं इंजिन मोठं झाल्यानं जात नाहीत. उलट एखादं वाढतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटरनं जायला लागलात की छातीवरचा दाब दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. मी ११० सीसीवरून ३०० सीसीवर गेले तेव्हा कंबर सुटली आणि मान धरली. का धरली हे कळायला दोन महिने लागले, कारण सीट आणि पुढची काच मी एकाच दिवशी बदलून घेतली होती. म्हणून या यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आत्ताच सांगते: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढची बदलण्याआधी दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊ द्या.

वहीनंतरचं काम टेपचं. जुन्या गाडीवर नेहमीसारखं बसा आणि कुणाला तरी मोजायला सांगा: सीटपासून फूटबोर्डपर्यंतची उंची, कमरेपासून हँडलपर्यंतचं अंतर, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्यापाशी उरणारी जागा. नव्या गाडीची हीच मापं शेजारी लिहायची आहेत. माहितीपत्रकातला सीटच्या उंचीचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. सुझुकीच्या बर्गमन ४०० ची सीट जमिनीपासून ७५५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे पुष्कळ लहान स्कूटरांच्या सीटइतकीच किंवा त्याहून खाली. पण मोठ्या स्कूटरची सीट पुढच्या बाजूलाही रुंद असते, मांड्या फाकतात आणि पायाची तेवढी लांबी आडवी खर्च होते. कागदावर बुटकी दिसणारी गाडी मग सिग्नलला टाच टेकू देत नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या स्कूटरांत दोन पायांच्या मधोमध उंचवटा असतो. सपाट फूटबोर्डाची सवय असेल, किंवा गुडघा नीट वाकत नसेल, तर चढणं-उतरणं चार-पाच वेळा करूनच बघा.

घरी गाडी लावायची जागाही याच दिवशी मोजा. नुसती लांबी-रुंदी नाही. दारातला उतार, वळायला किती जागा लागेल, आणि गाडी मागे ढकलत बाहेर काढावी लागणार का. ११० सीसीची स्कूटर साधारण १०५ ते ११० किलोची असते, बर्गमन ४०० सव्वादोनशेच्या आसपास जाते. हा फरक चालवताना जाणवत नाही. जाणवतो तो इंजिन बंद असताना, चढावर, एकट्यानं मागे घेताना. शोरूममध्ये हेच मागून घ्या: मेन स्टँडवरून उतरवणं, चार पावलं मागे ढकलणं, पुन्हा स्टँडवर चढवणं. स्टँडवर चढवताना हातानं उचलायचं नसतं. स्टँडच्या दांडीवर सगळं वजन टाकून उभं राहायचं, हात फक्त दिशा देतात. असं करूनही चढत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी जड आहे. विक्रेता सवय होईल म्हणेल, पण पाठ तुमची आहे.

टेस्ट राइडला स्वतःचं हेल्मेट, रोजचे बूट आणि रेनकोट घेऊन जा. मागे नेहमी कुणी बसत असेल तर त्यांनाही न्या. मी आईला नेलं होतं. जी गाडी मला मनापासून आवडली तिच्या मागच्या सीटवर आईला पायच टाकता येईना, आणि तो पर्याय तिथेच संपला. चालवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहा. घाईत कुठलीही सीट मऊच लागते. मग खराब रस्ता मुद्दाम निवडा. लहान स्कूटरांना बहुधा १० किंवा १२ इंची चाकं असतात, मोठ्यांना पुढे १४-१५ इंची मिळतात, आणि मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. मागचा धक्का मात्र वेगळ्या कारणानं बसतो. बहुतेक स्कूटरांत इंजिन, बेल्ट आणि मागचं चाक मिळून एकच अवयव असतो आणि तो सगळा चाकाबरोबर वर-खाली होतो. इतकं वजन खड्ड्यातून उसळलं की शॉकअप कितीही चांगला असला तरी त्याला ते लगेच आवरत नाही. यामाहानं २००१ मध्ये आणलेल्या टीमॅक्समध्ये इंजिन चौकटीला पक्कं बसवलं होतं, आणि ती गाडी इतर स्कूटरांपेक्षा स्थिर चालण्यामागचं ते एक मोठं कारण. आपल्या आवाक्यातल्या गाडीत हे नसेल तर मागचा धक्का काही प्रमाणात राहणारच, हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर महागडे शॉकअप घेऊन निराश व्हायची वेळ येत नाही.

परवाना त्या सीसीला चालतो का आणि कुठल्या बदलांसाठी विमा कंपनीला कळवावं लागतं, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

गाडी घरी आली की सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणं जपून घ्या, इंजिनाला पुस्तकात दिल्याप्रमाणे वेग बदलत मुरू द्या, आणि मोकळ्या मैदानात हळू चालवायचा सराव करा. जड स्कूटर पडते ती वेगात क्वचित. पडते ती यू-टर्न घेताना, पार्किंगमध्ये, हँडल वळलेलं असताना कचकन पुढचा ब्रेक दाबल्यावर. हळू वळताना मागचा ब्रेक किंचित दाबून धरायचा, एक्सलेटर थोडा चालूच ठेवायचा आणि नजर चाकापुढे न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची. वेग फार कमी झाला की इंजिनाला चाकाशी जोडणारा क्लच आपोआप सुटतो आणि गाडी एकदम मोकळी पडते, हे कुठल्या वेगाला होतं ते याच सरावात कळतं.

याच दिवसांत फुकटातले बदल करून घ्या. टायरची हवा थंड असताना, म्हणजे गाडी चालवण्याआधी, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे तपासा. जास्त हवेनं कंबरेला बसणारा धक्का सीट बदलून जात नाही. मग मागच्या शॉकअपचा ताण. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या एखाद्या पक्क्या ठिकाणापर्यंत मोजा. मग स्टँडवरून उतरवून तुम्ही नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजू द्या. फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे ते जास्तीत जास्त जितकं वर-खाली होतं त्याच्या, पाव ते एक तृतीयांश असला की ठीक. चाल १०० मिलिमीटर असेल तर २५ ते ३३. कमी भरला तर स्प्रिंग सैल करा, जास्त भरला तर आवळा, आणि मागे कुणी रोज बसणार असेल तर त्या वजनासाठी वेगळी खूण करून ठेवा. ताण बदलला की हेडलाइटचा झोतही वर-खाली होतो, तो भिंतीसमोर उभं राहून बघा. ब्रेकच्या दांड्या फिरवता येत असतील तर बोटं, मनगट आणि कोपर एका सरळ रेषेत येतील अशा लावा. माझ्या बोटांच्या मुंग्या एवढ्यानंच गेल्या.

आता सीट. इथे घाई करू नये. आपलं वजन पेलतात ती बुडातली दोन हाडं. मऊ फोम त्यांच्याखाली वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण दबतो आणि मग आपण प्लॅस्टिकच्या पायावरच बसलेले असतो. म्हणून लांबच्या प्रवासाला घट्ट फोम बरा, वरचा पातळ थर तेवढा मऊ. जेल घातली की भार पसरतो, पण गाडी उन्हात उभी राहिली तर ती तापते आणि बराच वेळ गरम राहते. सीट शिवणाऱ्याकडे जाण्याआधी घरी पन्हळी पुठ्ठ्यावर पाच मिनिटं बसा. दोन हाडांचे खळगे उमटतात, त्यांच्यातलं अंतर मोजा आणि ते माप सोबत न्या. शिवण या दोन जागांवर येऊ देऊ नका. सीट पुढे उतरती असेल तर आपण प्रत्येक ब्रेकला घसरतो, मनगटांवर भार येतो आणि दुखणं हाताचं वाटतं. अशा वेळी पुढचा भाग थोडा भरून घेतला की हात आपोआप हलके होतात. पाय टेकत नाहीत म्हणून सगळाच फोम कापून टाकणं ही मात्र चूक. पुढच्या दोन्ही कडा तासून अरुंद करा, बसायची जागा तशीच ठेवा. आणि कापड शेवटचं चढवण्याआधी कच्च्या फोमवर, वरून प्लॅस्टिक गुंडाळून, दोन दिवस गाडी चालवू द्या असं आधीच ठरवून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. झाल्यावर सीट पूर्ण बंद होते का आणि कुलूप सहज लागतं का ते त्याच्यासमोरच बघा.

पुढच्या काचेबद्दल मोठा गैरसमज असा की जितकी उंच तितकी चांगली. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा वारा गुंडाळत येतो, आणि तो नेमका हेल्मेटवर आदळला तर काच नसल्यापेक्षा जास्त आवाज आणि हादरे बसतात. माझी मान यातच गेली होती. नवी काच घेण्याआधी एक चाचणी करा: मोकळ्या सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगात आधी थोडं वाकून बसा, मग ताठ होऊन सीटवरून किंचित उठा. वाकल्यावर शांत झालं तर काच तेवढी उंच हवी. उठल्यावर शांत झालं तर ती कमी उंचीची हवी. वरची कड डोळ्यांच्या रेषेपेक्षा पाच-सात सेंटिमीटर खाली राहू द्या, कारण पावसात रात्री काचेतून बघावं लागलं तर समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. काचेच्या खालच्या बाजूला थोडी फट असली तर मागे पोकळी होत नाही आणि पाठीला ढकलल्यासारखं वाटणं कमी होतं.

हँडल उंच करून घेणं मोटरसायकलइतकं सोपं नसतं, कारण बहुतेक स्कूटरांचं हँडल आवरणात बंद असतं. जिथे जमतं तिथे दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना हे बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. जाड ग्रिप मोठ्या पंजाला आराम देते, लहान पंजाला थकवते.

सामान शक्यतो सीटखालच्या डिकीत, आणि जड वस्तू तिथेच. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लटकतो. त्यात जास्त भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेग कमी होताना हँडल थरथरतं. कॅरियरवर छापलेली वजनाची मर्यादा बहुधा अगदी थोड्या किलोंची असते, आणि त्यात रिकाम्या बॉक्सचं वजनही धरायचं असतं. आईसाठी मी बॉक्सला पाठ टेकायची उशी लावली, तिला तेवढ्यानं धीर आला. डिकी इंजिनाच्या वर असते, तिथे औषधं ठेवू नका.

मोबाइलच्या चार्जरची जोडणी किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या तारेवरून, स्वतंत्र फ्यूज लावून करून घ्या, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. गरम होणाऱ्या ग्रिप १२ व्होल्टवर तीन-चार अँपिअर ओढतात, तेव्हा आधी चार्जिंगची क्षमता विचारा. हँडलवर मोबाइल लावणार असाल तर धक्के शोषणारं होल्डर घ्या. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिर करणारी यंत्रणा बिघडू शकते असं अ‍ॅपलनं २०२१ मध्ये स्वतः कळवलं होतं, आणि स्कूटरांसाठीही असंच होल्डर सुचवलं होतं.

व्हेरिएटर म्हणजे स्कूटरचा गिअर वेगाप्रमाणे आपोआप बदलणारा भाग, त्यातल्या रोलरांना, म्हणजे छोट्या वजनांना, शेवटी हात लावा, आणि गरज पडली तरच. हलके रोलर घातले की चढाला जोर येतो पण इंजिन नेहमीच जास्त फिरतं, आवाज आणि कंपनं वाढतात. आरामासाठी गाडी घेतली असेल तर मूळचेच बरे.

काढलेली प्रत्येक वस्तू, मूळ सीट, काच, ग्रिप, अगदी स्क्रूसुद्धा, तारीख आणि किलोमीटर लिहिलेल्या पिशवीत घालून एका खोक्यात ठेवा. माझी उंच काच आता त्या खोक्यात आहे आणि गाडीवर मूळचीच परत लागली आहे.