जुलाब झालेल्या बाळाला जलसंजीवनी कशी पाजावी

जुलाबात बाळाच्या जिवाला खरा धोका असतो तो शरीरातील पाणी आणि क्षार कमी होण्याचा. म्हणून पहिल्या पातळ शौचापासूनच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस या क्षार-साखरेच्या पुडीचे पाण्यातील द्रावण, सुरू करावी. हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात ओआरएसचे 1 लिटरचे पाकीट एकाच वेळी पूर्ण रिकामे करावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात ढवळण्याची सवय अनेक घरांत दिसते, परंतु त्यामुळे क्षारांचे प्रमाण बिघडते आणि दाट झालेले द्रावण बाळाला अपायकारक ठरू शकते.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्रावण वाटी-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा असे पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश द्यावे. उलटीच्या भीतीने पाणी तोडू नये. उरलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. झिंकची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जुलाब थांबले तरी, 14 दिवस द्यावी.

पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होत असेल, डोळे खोल गेले असतील, शौचातून रक्त पडत असेल किंवा बाळ मलूल होऊन काहीच पीत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.