दारू आणि मनाचा आजार: दोन्हींचे उपचार एकदम कसे चालवायचे

‘आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू.’ या एका वाक्यापायी घरंच्या घरं वर्षानुवर्षं अडकून पडतात. दारू सुटत नाही कारण उदासी, भीती किंवा संशय आत तसाच असतो. आणि तो जात नाही कारण वरून दारू चालू असते. म्हणून दोन्हींचे उपचार एकदम सुरू करायचे, तेही शक्यतो एकाच मानसोपचारतज्ज्ञाकडे. कोल्हापुरात त्यासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठता येतो.

जाण्याआधी शंभर पानी वही घ्या. एका बाजूला व्यसन कधी सुरू झालं, कधी वाढलं ते लिहा; दुसऱ्या बाजूला झोप उडणं, आवाज ऐकू येणं, संशय, मरणाचे विचार. मग दारू पूर्ण बंद होती असे महिने शोधा. आपल्याकडे याला श्रावण फार उपयोगी पडतो. माळ घातली असेल, तर तेही दिवस. बंद करून तीन-चार आठवडे झाल्यावरही उदासी तशीच होती का? असेल, तर तो आजार बहुधा स्वतंत्र आहे. मात्र मरणाचे विचार असतील किंवा पूर्वी मनाच्या आजाराचा झटका येऊन गेला असेल, तर चार आठवडे वाट बघत बसू नका.

प्रमाण मिलीमध्ये सांगा. ‘थोडी घेतो’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली; ४२.८ टक्क्यांच्या दारूत त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. झोपेच्या गोळ्या, गांजा, मावा, बिडी, सगळं सांगा. जुन्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या स्ट्रिपाही न्या.

रोज पिणाऱ्यानं गटारीला शेवटची घेऊन घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. दुसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही. घरात ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून लिंबू-मिरची शोधली जाते. खरं तर तेव्हा १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा असतो. तिथं क्लोरडायझेपॉक्साईडसारखी शांत करणारी गोळी देऊन तिचं प्रमाण काही दिवसांत उतरवत नेतात. यकृत बिघडलं असेल तर लोराझेपाम. थायमिनचं (ब१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत जावं लागतं. ‘ताकद नाही, नुसतं सलाईन लावा’ हा आग्रह त्यामुळं धरू नका. उरलेल्या गोळ्या घरात साठवू नका, कारण त्या दारूसोबत गेल्या तर श्वास मंदावतो.

आता सगळ्यात वाईट सवय: दारू सोडवण्यासाठीच्या डायसल्फिराम या गोळीची पूड तांबड्या रश्श्यात गुपचूप कालवणं. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनीच देतात. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंतही दारू घेतली तर तोंड लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं होऊ शकतं. ज्याला भास किंवा संशयाचा आजार आहे, त्याचा आजार ती भडकवूही शकते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला भास-संशयाच्या आजारावरचं क्लोझापिन किंवा ओलांझापिन चालू असेल, तर धूर बंद करण्याआधी डॉक्टरांना कळवा. धुरामुळं यकृत ही औषधं भराभर मोडतं. धूर थांबला की तेवढ्याच गोळीनं रक्तातलं प्रमाण चढतं, माणूस दिवसभर पेंगतो. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही; मावा किंवा मिसरी सोडल्यानं असं होत नाही.

नैराश्याच्या गोळीला गुण यायला दोन आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला चार ते सहा. याच काळात बरेचजण घसरतात. एखाद्या दिवशी प्यायला म्हणून घरचे सगळ्याच गोळ्या बंद करतात, तिथंच घोळ होतो. झोपेची गोळी आणि डायसल्फिराम थांबवा. नैराश्याच्या, भासाच्या गोळ्या मात्र मनानं तोडू नका. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारा आणि वहीत तारीख, मिली आणि आदल्या रात्री किती झोप झाली ते लिहा. रात्री-अपरात्री मन फारच बिथरलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६; व्यसनासाठी १४४४६. जीव देण्याची भाषा असेल तर गोळ्या, दोर, शेतातलं तणनाशक आधी हलवा, मग फोन लावा, आणि त्याला क्षणभरही एकटं सोडू नका.