या चुका टाळा: कंट्रोल व्हॉल्व्हचा न्यूमॅटिक ॲक्चुएटर खोलताना

गळीत हंगाम संपला की चिकोडी, अथणी, गोकाक या तालुक्यांतल्या साखर कारखान्यांत कंट्रोल व्हॉल्व्ह (लाइनमधला प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या झडपा) उतरवायला सुरुवात होते आणि त्यांतले बरेचसे बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत दुरुस्तीसाठी येतात. हंगाम पुन्हा सुरू होईपर्यंत हाताशी महिने असतात, तरीही ॲक्चुएटर, म्हणजे हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणारा भाग, खोलताना घाई केली जाते आणि दरवर्षी त्याच चुका दिसतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे हवा बंद केली की ॲक्चुएटरमधली ताकद संपली, असे धरून चालणे. स्प्रिंग-डायफ्रॅम ॲक्चुएटरमध्ये केसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आत एका बाजूने हवा डायफ्रॅम (लवचीक पडदा) ढकलते आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग; हवा शून्य असतानाही ही स्प्रिंग दाबलेलीच असते. डायफ्रॅमचे परिणामकारक क्षेत्रफळ 650 चौरस सेंटिमीटर आणि स्प्रिंगची रेंज (व्हॉल्व्ह हलू लागतो तिथपासून पूर्ण हलतो तिथपर्यंतचा हवेचा दाब) 0.2 ते 1.0 बार असेल, तर हवा नसतानाही केसिंगच्या बोल्टांवर सुमारे 130 किलोंचा जोर असतो, 0.4 ते 2.0 बारच्या स्प्रिंगांत तो दुप्पट होतो. म्हणूनच अनेक बनावटींत केसिंगला समोरासमोर दोन किंवा अधिक लांब बोल्ट दिलेले असतात. आधी आखूड बोल्ट काढायचे आणि मग लांब बोल्टांच्या नटांवर स्प्रिंग हळूहळू मोकळी करायची, यासाठी ते असतात.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात वाफेच्या लाइनवरचा असा ॲक्चुएटर खोलला जात असताना मी शेजारच्या बाकावर काम करत होतो. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी लांब बोल्ट हरवले होते आणि त्यांच्या जागी सर्रास आखूड बोल्ट बसवून केसिंग बंद केले होते. नव्या फिटरने इम्पॅक्ट रेंचने भराभर बोल्ट काढले. शेवटचे दोन राहिले तेव्हा झाकण एका बाजूने उचलले गेले, उरलेले आटे सुटले आणि वरचे केसिंग उडून चेन-ब्लॉकच्या हुकावर आदळले. तो फिटर पान्ना बदलण्यासाठी बाजूला वाकला होता म्हणून वाचला. पलीकडे धरून उभ्या असलेल्या मदतनिसाचे मनगट मात्र मोडले. माझ्या मते खरा दोष त्या मुलाचा नव्हता. मिळेल तो बोल्ट बसवून मोकळ्या झालेल्या माणसाचा होता, आणि तो त्या दिवशी तिथे नव्हताही.

तेव्हापासून पूर्ण लांबीवर आटे असलेले दोन मजबूत स्टड (बिनडोक्याचे लांब बोल्ट) मी नेहमी पेटीत ठेवतो. सगळे बोल्ट एकाच लांबीचे दिसले, तर समोरासमोरचे दोनच काढून त्यांच्या जागी हे स्टड नटांसह घट्ट बसवतो आणि मगच बाकीच्यांना हात लावतो. नंतर दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करत झाकण हाताने हलेपर्यंत जायचे, आणि या सबंध वेळात डोके झाकणाच्या वर येऊ द्यायचे नाही. स्प्रिंग ॲडजस्टर (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) असलेल्या ॲक्चुएटरमध्ये आधी ॲडजस्टर पूर्ण सैल करावा. जोडणी परत करताना लांब बोल्टांच्या डोक्यांना पिवळा रंग लावावा. सिलिंडर ॲक्चुएटरमधले सीलबंद स्प्रिंग कार्ट्रिज वर्कशॉपमध्ये कापू किंवा खोलू नये. ते उत्पादकाकडेच पाठवावे.

दुसरी चूक फिल्टर-रेग्युलेटरच्या (येणारी हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या भागाच्या) गेजवर विसंबण्याची. ज्या व्हॉल्व्हवर एअर लॉक रिले असतो, तिथे पुरवठा बंद होताच रिले केसिंगमधली हवा कोंडून ठेवतो, कारण हवा गेली तरी व्हॉल्व्ह आहे त्या जागी राहावा हेच त्याचे काम आहे. गेज शून्य दाखवतो आणि केसिंग भरलेले असते. त्यामुळे ॲक्चुएटरला जोडलेल्या ट्यूबचा नट केसिंगपाशीच सावकाश सैल करावा, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि ट्रॅव्हलचा (व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते दाखवणारा) काटा हवा नसतानाच्या जागी आला का ते पाहावे. काटा अर्ध्यावर अडकला असेल, तर स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) पॅकिंगमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळतीरोधक भरणात, किंवा आत कुठेतरी रुतला आहे आणि स्प्रिंगचा जोर तिथे अडून बसला आहे, असेच समजावे. मात्र हे सगळे लाइन दोन्ही बाजूंनी बंद करून तिच्यातला दाब सोडल्यानंतरच करावे. हवा गेली की उघडणारा व्हॉल्व्ह चालू वाफेच्या लाइनवर असेल, तर हवा सोडणाऱ्यानेच तो उघडलेला असतो.

‘काम चालू आहे, हवा चालू करू नका’ ही पाटी एकाच भाषेत लावणे चुकीचे आहे. निपाणी-खानापूरकडचा कामगार मराठी वाचतो, बैलहोंगलकडचा कन्नड. पाटी दोन्ही भाषांत हवी आणि हवेच्या कॉकला कुलूपही हवे.

प्लग (स्टेमच्या टोकाचा बुचासारखा भाग) सीटवर, म्हणजे तो जिथे बसतो त्या कड्यावर, टेकलेला असताना स्टेम फिरवू नये. सीटवर चरे पडतात. हवेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये थोडी हवा देऊन प्लग उचलावा आणि मग फिरवावा. ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगला साधे खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, ती फुगते. ग्लँड (पॅकिंग दाबून ठेवणारा भाग) गळते म्हणून तिचे नट आवळत राहिल्यास स्टेम अडखळतो आणि कंट्रोल लूप हंटिंग करू लागतो, म्हणजे व्हॉल्व्ह एका जागी न ठरता सारखा मागे-पुढे होतो.

केसिंगच्या व्हेंटकडे (स्प्रिंगच्या बाजूची हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राकडे) सहसा कोणी पाहत नाही. पॉझिशनर (सिग्नलप्रमाणे ॲक्चुएटरला हवा देणारे उपकरण) बदलूनही व्हॉल्व्ह आळसल्यासारखा चालतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या एका ॲक्चुएटरच्या व्हेंटमध्ये मला कुंभारमाशीचे मातीचे घर सापडले. आतल्या कप्प्यांत वाळलेले कोळी होते. स्प्रिंगच्या बाजूची हवा बाहेर जायला वाटच नव्हती. व्हेंटला जाळीची टोपी बसवून तोंड खाली करावे. पावसाळ्यात खानापूरकडे ओल फार असते, म्हणून फिल्टर-रेग्युलेटरचा ड्रेन रोज सोडावा.

जोडताना बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत; प्रमाणाबाहेर आवळल्यास डायफ्रॅमची कड बाहेर फुगते आणि तिथूनच गळती सुरू होते. मग कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि 4, 8, 12, 16, 20 मिलिअँपिअरच्या सिग्नलवर चढत्या आणि उतरत्या क्रमाने स्ट्रोक तपासून दोन्ही वेळचे आकडे नोंदवहीत लिहावेत.