इंदुरात राहून स्पेशल एज्युकेटर कसं व्हावं?

स्पेशल एज्युकेटर म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक. त्यासाठी लगेच कोर्सचा फॉर्म आणायला धावू नका. आधी महिनाभर एखाद्या विशेष शाळेत किंवा थेरपी सेंटरमध्ये जाऊन बसा. फोन करून सरळ विचारा, फुकट मदतीला येणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिथे चौदा वर्षांच्या मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवताना पाहाल, लाळ पुसावी लागेल, शी-शूची वेळ सांभाळावी लागेल. "मला लहान मुलं फार आवडतात" एवढ्या भांडवलावर हे काम पेलत नाही. महिन्यानंतरही सकाळी उठून जावंसं वाटलं, तर पुढचं वाचा.

आता अभ्यासक्रम. बारावीला 50 टक्के असतील तर बौद्धिक व विकासात्मक अक्षमता या विषयातलं विशेष शिक्षणाचं डी.एड., 2 वर्षांचं. पदवी झाली असेल तर विशेष बी.एड., तेही 2 वर्षांचं. बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करायचं असेल तर वाट वेगळी आहे: बारावी सायन्सनंतर 4 वर्षांचा बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, म्हणून मैत्रिणीच्या अनुभवावर न जाता चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहा.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. त्या कॉलेजला, त्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच वर्षी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे का? यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. "मान्यता येतेच आहे, तुम्ही फी भरून टाका" असं कोणी म्हटलं की नमस्कार करून निघा. कारण कोर्स झाल्यावर परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव लागलं तरच तुम्ही स्पेशल एज्युकेटर. 1992 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम हसण्यासारखी आहे, पण कैद नाही.

खरं शिक्षण सुरू होतं ते कामाचे तुकडे पाडायला लागल्यावर. हात धुणं घ्या: नळ सोडणं, हात ओले करणं, साबण लावणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, नॅपकिनने पुसणं. सात तुकडे झाले. पहिले सहा तुम्ही मुलाचा हात धरून करा आणि सातवा, फक्त पुसणं, त्याला करू द्या. काम त्याच्या हातून पूर्ण होतं आणि शाबासकी लगेच मिळते. पुसणं जमलं की नळ बंद करणंही त्याच्यावर सोडा, आणि असं उलटं मागे जा. रोज वहीत लिहा: स्वतः केलं, सांगितल्यावर केलं की हात धरावा लागला. "आज बरं केलं" ही नोंद नव्हे. माझ्या पहिल्या वहीत पानंच्या पानं तसलीच होती, महिन्याअखेरी त्यावरून काही कळेना.

आपल्याकडे भाषेचाही गुंता असतो. इंदुरात रामबागेतल्या मराठी घरात आजी "डोळे मीट" म्हणते, शाळेत बाई "आँखें बंद करो" म्हणतात, आणि मूल दोघींकडे बघत राहतं. घरी कोणते शब्द वापरतात ते पहिल्याच भेटीत विचारून मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या अभ्यासाच्या कागदात, लिहून ठेवा. घरची मराठी बंद करा, असा सल्ला मात्र देऊ नका. दोन भाषांमुळे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही.

कागदपत्रंही शिकून घ्या: दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आणि राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा. हे फॉर्म भरून देणाऱ्या बाईंवर आई-वडील लवकर विश्वास टाकतात.

नोकरीचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक वर्गांत दर 10 विशेष मुलांमागे आणि वरच्या वर्गांत दर 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं. खासगी शाळांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, घरी आधीच सांगून ठेवा. नोंदणीही दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी परिषदेची मान्य प्रशिक्षणं करून गुण जमवावे लागतात.

आणि मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलबरोबर हात धुण्याची ती वहीही न्या. मुलांची नावं तेवढी झाका.