ट्रॅकसाठी कोणती गाडी तयार करावी: घरची स्विफ्ट की मामांची ऑक्टाव्हिया?

माझ्या दारात दोन गाड्या आहेत. एक २००८ ची पेट्रोल स्विफ्ट, १.३ लिटरची. घरातले तिघं तिच्यावरच गाडी शिकले, त्यामुळे चारही बाजूंनी खरचटलेली. दुसरी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. मामांनी ‘पडून सडण्यापेक्षा तू वापर’ म्हणून चावी हातात ठेवली. मामांची सगळी नोकरी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला गेली आणि ऑक्टाव्हियाची जोडणी तिथेच व्हायची. छत्रपती संभाजीनगरात या गाडीला माहेरवाशिणीचा मान आहे. एक ट्रॅकसाठी तयार करायची ठरलं, तेव्हा मन कुठे झुकलं असेल ते सांगायला नको.

मन चुकलं होतं. तुमच्याही दारात अशी जोडी असेल (पोलो-सिटी असेल, बलेनो-फिएस्टा असेल), तर निवड कशी करावी ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. आयोजक दिवसभरासाठी ट्रॅक घेतात, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या लावतात आणि तुम्ही तुमच्याच आधीच्या वेळेशी झगडता. मागून वेगवान गाडी आली तर वाट द्यायची. बस्स.

पायरी १: आधी ट्रॅक ठरवा

मराठवाड्यात मोटारींचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरला २.१ किलोमीटरचा करी, आणि उत्तरेला ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. संभाजीनगराहून यातला कुठलाही धरा, एका बाजूने बाराशे-तेराशे किलोमीटर.

बुद्धची लांब सरळ पट्टी किलोमीटरभराची आहे. तिथे ताकदीची गाडी निघून जाते आणि हलकी गाडी तिच्या मागच्या काचेकडे बघत बसते. करी लहान आणि वळणांचा. तिथे इंजिनाला श्वास घ्यायलाच जागा नाही, सगळा खेळ वळणातून किती वेग घेऊन बाहेर पडता त्याचा. वर्षातून दोनदा कुठे जाणं जमेल हे कागदावर लिहा. आमचं उत्तर ‘दक्षिणेला’ असं आलं आणि ऑक्टाव्हियाचा पहिला गुण तिथेच गेला.

पायरी २: दोन्ही गाड्या भुईकाट्यावर न्या

कंपनीच्या पत्रकातल्या वजनावर विसंबू नका. गावात जिनिंग आहे, मोंढा आहे, म्हणजे भुईकाटा आहेच. दुपारी कापसाच्या गाड्यांची रांग ओसरली की जा. टाकी अर्धी ठेवा, डिकी रिकामी करा. पूर्ण गाडी काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग गाडी इतकीच मागे घ्या की फक्त पुढची चाकं काट्यावर राहतील. पुन्हा आकडा लिहा. काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने सरकतो, पण आपल्याला तेवढं पुरतं.

आमची स्विफ्ट १,०२० किलो भरली, ऑक्टाव्हिया १,३६०. दोन्हींत साठ टक्क्यांहून जास्त भार पुढच्या चाकांवर. काट्यावरच्या मुनीमजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘विकायची का भंगारात?’

आता ताकद. स्विफ्टचं इंजिन ८७ बीएचपीचं (म्हणजे हॉर्सपॉवर), ऑक्टाव्हियाचं १.८ लिटर टर्बो दीडशेचं. टनामागे स्विफ्टला साधारण ८५, ऑक्टाव्हियाला ११०. कागदावर सामना एकतर्फी आहे आणि बहुतेक जण इथेच निर्णय घेतात. मीही घेतला होता.

पायरी ३: गाडी थांबते कशी ते बघा

चालत्या गाडीतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा सरळ पट्टीच्या शेवटी स्विफ्ट १५० ला पोचते आणि ऑक्टाव्हिया १६५ ला. वेगातला फरक जेमतेम पंधराचा. पण वजन धरून हिशेब केला तर ऑक्टाव्हियाच्या ब्रेकना सुमारे १.६ पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ती सगळी डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये उष्णता होऊन जाते. दर फेरीला चार-पाच वेळा.

हे गणित मला करीवर समजलं. पहिल्या खेपेला मी हौसेने ऑक्टाव्हियाच नेली होती. चौथ्या फेरीत ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला, मऊ, चिखलात रुतल्यासारखा. गियर खाली टाकत, गवतात फिरवत कशीबशी थांबवली. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी.

इथे दोन दुखणी वेगळी ओळखायला शिका. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरतायत. पेडलच खाली जातंय, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासही दगा देऊ शकतं. म्हणून ट्रॅकला निघण्याआधीच्या आठवड्यात पूर्ण ऑइल बदला. डॉट ५.१ चालेल. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं मात्र घेऊ नका; ते सिलिकॉनचं असतं, जुन्यात मिसळत नाही.

पायरी ४: रविवारी संध्याकाळी पार्ट कुठे मिळेल?

त्याच खेपेला पुढचे पॅडही संपले. त्या मापाचे पॅड कोइमतूरला दोन दिवसांनी आले. दोन दिवस लॉजवर बसून मी सांबार या विषयात पारंगत झालो.

परतल्यावर जालन्याच्या आमच्या मिस्त्रींना विचारलं, ऑक्टाव्हिया तयार करायची का? ते बोनेटमध्ये वाकलेलेच होते. ‘पार्ट आणा, मी बसवतो. आणायला कोण जाणार, तुम्ही का मी?’

स्विफ्टचा क्लच, व्हील बेअरिंग, लोअर आर्म, रेडिएटर हे सगळं परभणीलाही मिळतं आणि धाराशिवलाही. ऑक्टाव्हियाचं तसं नाही. त्या टर्बो इंजिनाच्या वॉटर पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असतो, तो जुना होऊन तुटतो. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. दोन्ही वेळेवर बदलले तर गाडी गुणी आहे, पण पार्टसाठी पुण्या-मुंबईला फोन ठरलेला. प्रत्येक गाडीचे सहा पार्ट लिहा, जवळच्या तीन दुकानांत विचारा, ‘आज आहे’ किती वेळा ऐकलं ते मोजा. माझ्या मते कुठल्याही बीएचपीपेक्षा हा आकडा मोठा.

पायरी ५: तब्येत तपासा

आवडीची गाडी असेल तर ही तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. प्रेमात डोळे झाकतात. कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी कारण शोधा. गाडी रॅम्पवर घेऊन सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं आहे तिथे गंज बघा, सांध्यांतले रबर बुश बघा. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत गंज कमी, पण धूळ आणि खड्डे बुशांचा जीव घेतात. मे महिन्यात बेचाळीस अंशांत एसी लावून वाहतुकीत अर्धा तास चालवा. जिचा काटा तेव्हाच वर सरकतो, ती ट्रॅकवर उकळणार.

आणि चाचणीसाठी समृद्धीवर जाऊ नका. ताशी १२० ची मर्यादा असलेला तो महामार्ग आहे. तिथे गुंतलेले जीव तुमच्या एकट्याचे नसतात.

पायरी ६: कागदं

ट्रॅकपर्यंत गाडी रस्त्याने जाणार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा: नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. विमा शर्यत आणि वेगाच्या चाचणीला लागू नसतो. ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपला, हे धरूनच चाला.

रोल केजचा, म्हणजे गाडीच्या आत बसवायच्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्याचा, मोह अनेकांना होतो. हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवताना तीच नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर असते, साध्या धडकेतही कपाळमोक्ष. केज लावायचा तर गाडी ट्रकवर घालून न्या. म्हणजे बाराशे किलोमीटरचं भाडं.

पायरी ७: शंभर रुपयांची वाटणी

तुमच्याकडे शंभर रुपये आहेत असं धरा. त्यातले चाळीसच गाडीवर घाला. उरलेले साठ प्रवेश फी, पेट्रोल, टायर, पॅड आणि मुक्कामाला लागतात. हमरस्त्यावर चौदा देणारी स्विफ्ट ट्रॅकवर लिटरला पाचाच्या आसपास येते. चाळिसात जी गाडी तयार होत नाही, ती तुमची ट्रॅकची गाडी नाही. ऑक्टाव्हियाचे चाळीस नुसते बेल्ट, वॉटर पंप, क्लच आणि बुश यांतच गेले असते. म्हणजे गाडी फक्त पूर्ववत झाली असती.

स्विफ्टचे चाळीस असे गेले: चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल, चार चांगले टायर, नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश, इंजिन ऑइल. इंजिनाला हात लावला नाही. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा, लांब वळणात ते एका बाजूला पळतं आणि पंपाला हवा मिळते. टायरची हवा पाळी संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि वाढलेली कमी करा. परतीच्या रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा. पूर्ण हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. डिकीतली स्टेपनी आणि पायाखालचं मॅटसुद्धा ट्रॅकवर जाण्याआधी बाहेर काढा.

तुमच्या यादीत जड गाडी जिंकू शकते. दिल्लीच्या बाजूला बदली असेल, लहान गाडीचा पत्रा सडला असेल, खिसा खोल असेल, तर खुशाल तीच घ्या.

ऑक्टाव्हिया मी विकली नाही. चेन्नईच्या खेपेला ती मित्र चालवतो, स्विफ्टच्या मागे मागे. तिची मागची सीट पाडली की चार टायर, जॅक, हत्यारांची पेटी आणि मामींनी बांधून दिलेल्या धपाट्यांचा डबा, सगळं बसतं. गेल्या वेळी मामाही आले होते. दिवसभर पिट लेनच्या (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या पट्टीच्या) भिंतीशी उभे राहून स्टॉपवॉच धरलं आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, ‘माझी गाडी पळाली असती रे.’