विली लोमन बसवायचा असेल तर

आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' (1949) करायला घेतलं की हौशी मंडळी तालीम शेवटापासून धरतात. थकलेल्या सेल्समनचं, विली लोमनचं काम करणारा पहिल्याच दिवशी रडायला तयार! बेळगावला टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या खोलीत आमचंही तेच झालं. गाडी आली की संवाद थांबायचा, तेवढाच काय तो बरा पॉज.

सुरुवात हिशेबाच्या प्रसंगापासून करा. विली दौऱ्यावरून येतो. प्रॉव्हिडन्सला 500 आणि बोस्टनला 700 डॉलरचा माल गेला, म्हणतो. त्याची बायको लिंडा पेन्सिल घेऊन कमिशन काढते: 212 डॉलर. मग त्याचा आकडा घसरत घसरत अख्ख्या दौऱ्याचे मिळून 200 वर येतो. कमिशन उरतं सत्तर डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तरी ती म्हणते, छान झालं की. लिंडाला खरा कागद, खरी पेन्सिल द्या, बेरीज तिथंच मांडायला लावा. आवाजात कीव नको. पेन्सिल क्षणभर अडली, पुरे.

आमच्या लिंडाला हे जमेना. मग मी घरचं सांगितलं. बाबा शहापूरची लुगडी घेऊन निपाणी, गडहिंग्लज करायचे. रात्री येऊन म्हणायचे, "आज निम्मा माल गेला." गठ्ठा उचलून माळ्यावर ठेवायची आई. वजन हाताला कळतंच की. पण म्हणायची, "पाय धुवून घ्या, भाकरी वाढते." आम्ही पोरं खूश. घेणेकरी दारात आला त्या दिवशी चकित झालो ते आम्हीच.

म्हणून विलीच्या पेट्या रिकाम्या ठेवू नका. आत काय माल आहे ते मिलरनं सांगितलेलंच नाही. विटा भरा.

विलीच्या मोठ्या मुलाचं, बिफचं ओरडणं तरुण नट आपसूक करतो, त्यावर तालमी घालवू नका. आपण जुना मालक ऑलिव्हरकडे सेल्समन नव्हतोच, साधा शिपिंग क्लार्क होतो, हे तो बापाला सांगतो तेवढं मात्र हळू घ्या.

आता विलीनं गॅसनं जीव द्यायला लपवून ठेवलेली रबरी नळी. लिंडा ती रोज काढून घेते आणि तो घरी आला की परत जागेवर ठेवते, त्याचा अपमान नको म्हणून. दुसऱ्या अंकात बिफ ती टेबलावर टाकतो. ती उचलायला लिंडा झेपावते, बिफ हातानं दाबून धरतो. विली नळीकडे न बघताच विचारतो, हे काय आहे. मिलरनं तसंच लिहिलंय. आमच्या विलीला चार तालमी लागल्या, मान वळायचीच.